गोंडीचा रकाना
स्क्रीनवर मेलच्या चार भाषांपैकी तीन मंजूर झाल्या. गोंडीचा रकाना मात्र लाल होता. पहाटे बाया मोहफुलं वेचायला निघायच्या आत वाघाचा इशारा ग्रामसभांना पोचायला हवा होता. वनखात्याच्या मुख्य कार्यालयानं कळवलं, ‘गोंडी मजकुरात वाघ शब्दच नाही. नामंजूर.’ इशारे पाठवायचं काम करणाऱ्या, दमलेल्या करिष्मानं अनुवादक बायनाबाईंना फोन लावला. “बाई, नाव काऊन गाळलं?” “मोहाच्या दिवसांत त्याचं नाव घेत नाई आमी. सचिव मेल ग्रामसभेत मोठ्यानं वाचते; नाव घेऊन त्याले बोलावू काय?” “मग साहेबाले काय सांगू?” “साहेब मोहाले जाते काय?” करिष्मानं तो शब्द स्वतःच टाइप करायला घेतला. पण पहाटे निघणाऱ्यांत तिची आईही होती. अर्धवट शब्द खोडून करिष्मानं त्या जागी वाघाचं चित्र बसवलं आणि मंजुरीविनाच मेल पाठवली. सकाळी आईचा फोन आला. “फुलं झाडाखाली तशीच पडून राह्यले, पोरी. चित्र पाहून आज कोणीच गेलं नाई.”