कॉमेटची पहिली अक्षरं

धुकं विरलं आणि इंग्लंडमधल्या त्या ओसाड धावपट्टीवर उभ्या असलेल्या जुन्या कॉमेट विमानावर कोवळं ऊन तिरकं पडलं. शुभांगीबाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला. विमान उद्या भंगारात जाणार होतं.

"अहो, लिहून घ्या. रंगाखालची पहिली अक्षरं दिसायला लागलीत."

मालक बदलला की विमानाच्या नोंदणीची अक्षरं बदलत. या विमानाची चारदा बदलली होती. दिगंबरराव ती वहीत उतरवू लागले. तांदळात बोटानं गिरवल्यासारखी दिसत होती, आणि त्यांना बेचाळीस वर्षांपूर्वीचं लग्नातलं ताट आठवलं. त्यातल्या तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव त्यांनीच लिहिलं होतं. तिचं माहेरचं नाव त्यानंतर त्यांच्या तोंडी कधी आलंच नाही.

ऊन चढलं तशी अक्षरं पुन्हा रंगात बुडाली. बाईंनी वही मागितली. पानावर विमानाची सगळी नावं ओळीनं होती, आणि खाली, फोटो काढणाऱ्याच्या रकान्यात, लिहिलं होतं: कालिंदी.

"बरोबर आहे ना?" दिगंबररावांनी हळूच विचारलं.

"आहे," बाई वहीची मागची पानं उलटत म्हणाल्या. "आता मागच्या सगळ्या पानांवरही दुरुस्त करा."