आज किती तारीख?

एरवी वारसुद्धा विसरणाऱ्या सासूबाई महिनाभर रोज सकाळी विचारायच्या, "आज किती तारीख गं?" पाठीला मलम लावू देत नव्हत्या, आणि कुणी खोलीत आलं की हातातली फाईल उशीखाली सारत होत्या. पाणी कुठंतरी मुरतंय, हे सुनेनं ओळखलं. घर नणंदेच्या नावावर होणार, दुसरं काय.

एकोणीस तारखेला सासूबाई सकाळीच आवरून बसल्या. "चल माझ्याबरोबर."

"वकिलाकडे का?" सुनेनं तिरकसपणे विचारलं.

"डॉक्टरकडे." त्यांनी सुनेचा हात ओढून आपल्या काखेत दाबला.



"जुन्या दुखण्याचा खर्च पॉलिसी तीन वर्षांनी देणार होती ना? काल भरली तीन वर्षं. आता ही गाठ सापडायला हरकत नाही."