पाल्हाळ टाळावा

तपासणीला आलेल्या मोठ्या साहेबांनी तिसऱ्यांदा भाजी वाढून घेतली, तेव्हा वनस्पती उद्यानाच्या अधीक्षिकाबाईंनी आचाऱ्याला सहज विचारलं, "कसली हो ही?"

"घरचीच. भिंतीवर चढलेल्या त्या रानवेलीची."

बाईंचा पहिलाच घास ओठांशी थांबला. "अहो, ती विषारी आहे!"

"फक्त जूनमध्ये," आचारी समजूत घालत म्हणाला. "मी पाटी वाचून काम करतो. 'कोवळे कोंब खाद्य. जून विषारी.' मे संपता संपता काय लुसलुशीत कोंब फुटले होते! पण महिनाभर बोट लावलं नाही. जिवाशी खेळ कशाला? आज एक तारीख उजाडली, तेव्हाच विळा लावला. जरा निबर झाली होती, म्हणून दोन शिट्ट्या जास्त दिल्या."

"जून म्हणजे महिना नाही हो! जून म्हणजे निबर!"

"मग तसं लिहायचं ना, बाई. जून वाचल्यावर माणूस कॅलेंडर बघणार की देठ?"

"तसंच लिहिलं होतं. 'जून झालेली पाने व देठ विषारी.' मागच्या तपासणीत त्यातले चार शब्द खोडले गेले. समासात शेरा होता, पाल्हाळ टाळावा."

शेरा कोणाचा, ते बाई बोलल्या नाहीत. साहेबांनी ताट हळूच दूर सरकवलं. त्यांच्या कपाळावर घाम फुटला होता. ते चारही शब्द परत द्यायला तयार होते, वर दोन स्वतःच्या पदरचे घालायलाही तयार होते, पण पोट ऐकेना. आचाऱ्याने बादली पुढे केली, ती अगदी वेळेवर.

बाईंनी डॉक्टरांना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि साहेबांसमोर धरला. "डॉक्टर, झालं असं की आमच्या पाटीवर..."

"बाई, तुम्ही थांबा. पाटीचं नंतर. पेशंट शुद्धीवर आहेत ना? त्यांनाच बोलू द्या. हं, थोडक्यात सांगा, काय खाल्लंत?"

साहेबांनी बादलीतून डोकं वर काढलं. होता नव्हता तेवढा दम गोळा केला.

"जून..."

आणि डोकं परत बादलीत.

"जूनमधलं जूनमध्ये गेलं हो," डॉक्टर म्हणाले. "आज काय खाल्लंत?"