पाच महिने अठरा दिवस

"अहो, जरा इकडे या," बायकोनं विमानतळाच्या काउंटरवरून हाक मारली. बॅग ट्रॉलीवर तशीच सोडून मिस्त्री पुढे गेले.

"माझा पासपोर्ट संपत आलाय," ती म्हणाली. "पाच महिने अठरा दिवस राहिलेत. सहा महिने लागतात म्हणे."

"म्हणजे अजून संपला नाहीये ना?" मिस्त्रींनी काउंटरवरच्या बाईंना विचारलं.

"नाही, काका. पण तिकडे पोचल्यापासून पुढे सहा महिने चालणारा लागतो. त्याहून कमी असेल तर कुणालाच सोडता येत नाही."

"अहो, आम्ही काय तिथे बिऱ्हाड थाटायला चाललोय का? तीन आठवड्यांत परत."

"एका दिवसासाठी गेलात तरी तेच."

"आणि माझा?"

"तुमचा अजून चार वर्षं चालेल."

मिस्त्रींनी पस्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांना ते वरून ओरडून सांगत, घाबरू नका, मी आलोय. आज ते स्वतः अडकले होते, आणि कुणाला हाक मारावी तेच कळत नव्हतं. त्यांनी रुमाल काढून मान पुसली.

परवा मुलीचं ऑपरेशन होतं. पोटात गाठ होती, चांगली मोठी. परक्या देशात ती एकटीच राहायची. घरी सांभाळायला कोण आहे ते आधी लिहून द्या, मगच तारीख मिळेल, असं हॉस्पिटलनं तिला बजावलं होतं. पुढचं सगळं मायलेकींनी फोनवर ठरवलं. कागदांची फाइल पहिल्यापासून बायकोच्याच हातात होती, विमानतळात शिरायचा पाससुद्धा तिनंच खिडकीवरून काढला होता, कारण छापील कागद समोर आला की मिस्त्रींना डुलकी यायची.

मिस्त्रींच्या मते ते नुसते सोबत म्हणून चालले होते. मुलीशी ते सहा वर्षं बोलले नव्हते. त्यांनी जमवलेलं लग्न मोडून ती बॅग घेऊन दारात आली, तेव्हा यांनी आतून कडी काढली नाही. "दिल्या घरी जा," एवढंच म्हणाले. त्या दिवसाची त्यांना मनापासून लाज वाटायची, पण ती बोलून दाखवायची तर आधी तोंड उघडावं लागतं, आणि तिथेच सगळं अडायचं. म्हणून त्यांनी बेत केला होता, की तिचं सगळं आई करील आणि आपण बाजूच्या खोलीत मुकाट्यानं बसायचं.

ते बायकोवर उखडले. "औषधाच्या दुकानात जन्म गेला तुझा. बाटल्यांच्या तारखा बघून बघून चष्मा लागला. घरातलं बिस्किटसुद्धा तारीख बघितल्याशिवाय तोंडात घालू देत नाहीस. आणि स्वतःचा पासपोर्ट?"

"दिव्याखाली अंधार," ती म्हणाली.

हे ती इतक्या शांतपणे म्हणाली, की मिस्त्रींचं डोकं आणखीच तापलं. ते पुन्हा काउंटरकडे वळले. "बाई, तुमच्या साहेबांना बोलवा. पोरीचं ऑपरेशन आहे. काय ते लिहून देतो मी, सही करतो."

"साहेबही हेच सांगतील, काका. आणि काकूंच्या नावानं तर..."

"तुम्ही त्यांना नियम तेवढा सांगा," बायको मध्येच म्हणाली. "बाकीचं मी समजावते."

बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा मिस्त्रींकडे. "नियम तोच आहे, काका," त्या हळूच म्हणाल्या. "वीस मिनिटांत काउंटर बंद होईल. तुमची बॅग घेऊ का?"

"नको. मी एकटा जाऊन काय दिवे लावणार? मला चहासुद्धा धड येत नाही."

"मग तिच्याजवळ कोण?" बायकोनं विचारलं.

"एखादी शेजारीण, मैत्रीण..."

"कुणी असतं, तर तिनं इतक्या लांबून बोलावलं असतं का?"

मिस्त्रींनी ट्रॉलीचा दांडा दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाले, "मला घरात तरी घेईल का गं ती?"

"ते तिथे जाऊन बघा," बायको म्हणाली. आता मात्र तिचा आवाज हलला.

बॅग पट्ट्यावरून आत गेली. बायकोनं फाइलमधून एक घडी घातलेला कागद काढून त्यांच्या खिशात कोंबला. दोन्ही बाजूंनी ठळक अक्षरात लिहिलेला होता. कुठली गोळी कधी, पातळ भात कसा करायचा, जखमेला पाणी लागू द्यायचं नाही. सगळ्यात खाली मुलीचा नंबर.

"हे कधी लिहिलंस?"

"सवयच आहे मला. चला, उशीर होतोय."

तपासणीच्या रांगेतून त्यांनी मागे वळून पाहिलं. ती अजून तिथेच उभी होती, रिकामी ट्रॉली धरून. सहा वर्षं लेकीला नुसतं फोनवर बघणारी आई मागे राहिली होती आणि तोंड फिरवून बसलेला बाप पुढे चालला होता. हा कुठला न्याय, असं त्यांना वाटलं आणि डोळे भरून आले.

आत गेल्यावर एका खुर्चीत बसून त्यांनी कागदावरचा नंबर लावला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला.

"मी बोलतोय," ते म्हणाले.

ती फोन ठेवील या भीतीनं ते घाईनं पुढे बोलत सुटले.

"सगळं बिनसलं बघ. आईचा पासपोर्ट संपत आलाय, तिला सोडलं नाही. मी एकटाच येतोय. तुला आईच हवी होती, कळतं मला. पण मी करीन... जमेल तसं करीन. तू फक्त दार..."



"कोण हवंय, असं आईनं विचारलं होतं," मुलगी म्हणाली. "मी तिकीट एकच पाठवलं होतं, बाबा. तुमचं."