रबरी मॅट

ओहायोपासून अलाबामाच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत चौदा तास लागतात. दर वसंताच्या सुट्टीत आमची जुनी व्हॅन नवराच चालवायचा, आणि मुलींना लघवी लागली तरी थांबायचा नाही. यंदा हिवाळ्यात त्याला आकडी आली, डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली, म्हणून स्टिअरिंग माझ्या हातात होतं. नऊ तासांत माझ्या कमरेचा काटा ढिला झाला होता, आणि शेजारी त्याची टकळी चालूच होती. “अगं, हळू! समोरचा ट्रक दिसत नाही का?” ट्रकचे लाल दिवे लागले, तसा त्याने घाबरून उजवा पाय दणकन खाली दाबला आणि बुटाचं टोक रबरी मॅटच्या भोकात अडकलं. “इथे भोक कसं पडलं?” “बारा वर्षं तिथे बसून मी ब्रेक दाबतेय, राजा.” त्याने वाकून बूट सोडवला आणि भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, “दमलीस ना? थांबूया.”