लंडनहून आलेलं पत्र

“जगात माणुसकी शिकावी तर ती इंग्रजाकडून,” असं पाटलांनी ओट्यावरून जाहीर केलं आणि जनकाबाईनं वाचून घ्यायला आणलेलं तिच्या लेकाचं पत्र फोडलं. चौथ्या ओळीलाच इंग्रज बिघडला.

सोनाजीनं लिहिलं होतं, ‘बसमध्ये माझ्याशेजारी कुणी बसत नाही. मागच्या महिन्यात गोऱ्या पोरांनी रंग पाहून मारलं. आता दिवस मावळायच्या आत खोलीवर येतो, त्यांच्या गल्लीतून जात नाही, शिवी दिली तर मान खाली घालतो. तू काळजी करू नको.’

जनकाबाई अंगणात उन्हात उभी राहून ऐकत होती. तिला यातलं काहीच नवं नव्हतं. बौद्धवाड्यातून लेकरू पहिल्यांदा गावातल्या शाळेत निघालं, तेव्हा हे सगळं तिनंच त्याला शिकवलं होतं.

पाटील मात्र लालबुंद झाले. “हलकट लेकाचे. माणसाला माणूस समजत न्हाईत. कातडी काय कुणी मागून आणतं?”

“मंग बोलावून घेऊ का त्याला, मालक? तिथं जीव गेला तर आमाला कळायचं बी न्हाई.”

“आजच्या आज पत्र धाड, जनके. म्हणावं, ये आपल्या गावात. इथं कशाचं भेव हाय तुला?”

पाटलांनी पत्राची घडी करून तिच्या पुढ्यात टाकली आणि आवाज जरा खाली आणला.



“आन येताना माझ्यासाठी एक घड्याळ आण म्हणावं. फक्त हातात देऊ नको, पायरीवर ठेव.”