दुसरी ओळ

असाध्य आजाराच्या त्या वॉर्डात दुपारी पेटी घेऊन गाणारी बाई आली, की आजोबांना कंगवा आठवायचा. मग ते आजींना म्हणायचे, "तू जरा बाहेर बस गं."

आजींच्या मनात पाल चुकचुकली. जन्मभर आपण स्वयंपाकघरात गुणगुणलो, की "त्यापेक्षा कुकरची शिट्टी बरी" म्हणणारा हा माणूस आता परक्या गळ्यावर भाळला! हे अंथरुणाला खिळल्यापासून आपल्या तोंडून तर सूरही फुटत नाही.

"आजी, गाण्यानं त्यांचं दुखणं हलकं होतं हो," नर्सनं समजावलं.

"गाण्यानं, की गाणारीनं? बघतेच मी!" म्हणत आजींनी आज दाराला कान लावला. आत त्यांचंच ते स्वयंपाकघरातलं गाणं चाललं होतं, तेही मधासारखं गोड. म्हणजे आपलं गाणंसुद्धा हिला देऊन टाकलं! तावातावानं त्यांनी दार ढकललं. आजोबा डोळे मिटून पडले होते आणि धापा टाकत बाईंना सांगत होते,


"आमची ही आता गात नाही, आणि गा म्हटलं तर रडत बसेल... तुम्ही छानच गाता हो, पण दुसऱ्या ओळीला तिच्यासारखा सूर घसरू द्या ना, त्याशिवाय मला झोप नाही लागत."